मेट्रनबाईंची साक्ष

आमच्या मेट्रनबाईंसमोर कोणाबद्दल वाकडं बोलायचं असेल तर तो माणूस त्या दिवशी रजेवर आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी लागे. तुम्ही "अहो, तो अमुक ना..." अशी सुरुवात केली रे केली की बाई हात वर करून थांबवायच्या आणि विचारायच्या, "बोलावू का त्यांना?" उत्तराची वाटही बघायच्या नाहीत, फोन उचलून बोलावायच्याच. मग तो येईपर्यंत आपण खुर्चीत बसून आपल्याच तक्रारीत पाणी ओतत बसायचं. मी एकदा कॅन्टीनच्या चहाबद्दल तोंड उघडलं. कॅन्टीनवाले अण्णा टॉवेलला हात पुसत हजर झाले. बाई म्हणाल्या, "ह्यांना तुमच्याशी काहीतरी बोलायचंय." मी अण्णांकडे बघितलं आणि म्हटलं, "काही नाही, आलं जरा जास्त घाला." त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्या टेबलावरून जाताना दुसरीकडे बघत असे.

वाघोलीच्या पुढे एक नर्सिंग कॉलेज आणि त्याला जोडलेलं हॉस्पिटल आहे. तिथे मी ऑफिसात होते, अजूनही आहे. राहते धायरीला. धायरीहून वाघोलीला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाला अक्कल असते का, हा प्रश्न घरचे मला विचारत असत आणि ट्रॅफिकमध्ये मी स्वतःला. बाई यायच्या कसबा पेठेतून, दोन बस बदलून, आणि माझ्या आधी पोचायच्या. त्यांचं हे 'समोर बोला' कुठून आलं, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "आमच्या आळीत भिंतीला भिंत. इकडे कोणाच्या मागे बोललं की पलीकडे त्यालाच ऐकू जायचं. मग सरळ दारात जाऊन बोललेलं काय वाईट?" आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, "पाठीमागे सांगितली ती चहाडी, समोर सांगितली ती साक्ष."

वाक्य ऐकायला छान होतं. शिकाऊ मुली ते एकमेकींना सांगून हसायच्या. पण मी आधीच सांगून ठेवते, हे सगळं लिहूनही मला त्या वाक्याचं काय करायचं ते कळलेलं नाही. ज्यांना निकाल हवा असेल त्यांनी माझ्या नादी लागू नये.

आता आमच्या सेक्रेटरी साहेबांबद्दल. संस्था त्यांची. त्यांना खलनायक केलं की गोष्ट सोपी होते, म्हणून मला फार मोह होतो. पण ते तसे नाहीत. त्यांची आई आजारपणात शहराकडे नेता नेता वाटेतच गेली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शेतात पत्र्याच्या शेडमध्ये दवाखाना काढला. त्याचंच पुढे हॉस्पिटल झालं, मग कॉलेज. बाईंचे यजमान अंथरुणाला खिळले तेव्हा साहेबांनी त्यांना इथेच एक खोली दिली आणि शेवटपर्यंत ठेवून घेतलं. "बाई, तुम्ही घरच्या," एवढंच म्हणाले. बाई ते कधी विसरल्या नाहीत. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

कॉलेजची मान्यता टिकवायची तर हॉस्पिटलात पुरेसे पेशंट भरती असावे लागतात. ते बघायला समिती येते. आमच्याकडे बेड भरपूर, पेशंट बेताचे. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी कॉलेजची बस आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर फिरायची आणि धडधाकट माणसं भरून आणायची. त्यांनी दिवसभर बेडवर पडायचं, समिती आली की कण्हायचं, दुपारी पोटभर जेवायचं, संध्याकाळी बसने घरी. बाहेरच्यांना ही शुद्ध लबाडी वाटेल. आम्हाला ती लगीनघाई वाटायची. कोण कुठे झोपणार, कोणाला कुठला आजार द्यायचा, यावरून ऑफिसात थट्टा चालायची. सगळीकडे असंच चालतं, असं जो तो म्हणायचा आणि कामाला लागायचा.

बाईंनी ह्यात स्वतःपुरती एक वाट काढली होती. बेडवर जो झोपला तो पेशंट, हा त्यांचा नियम. त्या खोट्या पेशंटलाही खरंखुरं तपासायच्या. पारूबाई नावाची एक आजी दर तपासणीला यायची. ती पहिल्यांदा आली तेव्हा बाईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायला घेतला. आजी दचकली. "बाई, मला काय बी झालं न्हाई. मी निस्ती झोपाया आलीया."

"झोपा की. मी कुठे उठवते?" बाई म्हणाल्या आणि बीपी बघितलं. ते इतकं निघालं की डॉक्टरांना धावत बोलवावं लागलं. पारूबाईला गोळ्या सुरू झाल्या. मग दर वेळी कोणाची साखर सापडायची, कोणाचं रक्त कमी निघायचं. बाई त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून घ्यायच्या, औषधं द्यायच्या. मला वाटतं, अशी बरीच वर्षं त्यांनी मनाची समजूत घातली. खोट्यातून खरं निघतंय ना, मग असू दे. आपलेच दात, आपलेच ओठ.

आणि मग तो दिवस आला. समिती वरच्या मजल्यावर होती. खाली एका बांधकामावरच्या मजुराने आपल्या बायकोला आणलं. सुनीता तिचं नाव. दिवस भरत आलेले आणि अंगावरून रक्त जात होतं. कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने वर फोन केला. वरून निरोप आला की बायकांच्या वॉर्डात एकही बेड रिकामा नाही, हलवाहलव आत्ता करू नका, समिती आत आहे. डॉक्टरने तिला आमच्या अँब्युलन्समध्ये घालून शहरातल्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाईंना हे कळलं संध्याकाळी, बस निघून गेल्यावर. वॉर्डात सगळे बेड रिकामे पडले होते आणि बाई मधोमध उभ्या होत्या. मी हजेरीच्या कामाला गेले होते. त्या मला म्हणाल्या, "मी इथेच होते हो. चांगल्या माणसांची नाडी बघत होते."

दुसऱ्या दिवशी त्या सेक्रेटरी साहेबांकडे गेल्या. मी तिथे सह्या घ्यायला उभी होते, म्हणून हे कानांनी ऐकलेलं आहे. बाई म्हणाल्या, "साहेब, पुढच्या तपासणीला मी समितीला सगळं सांगणार आहे. आधी तुम्हाला सांगते."

साहेब हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की ह्या थट्टा करत नाहीत. "बाई, तुम्ही तर घरच्या."

"म्हणूनच आधी सांगते."

बाहेर आल्यावर मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "अहो बाई, असं कोणी आगाऊ कळवतं का? निनावी तक्रारीची ऑनलाइन सोय आहे. नाव घालू नका, गाव घालू नका, पाठवून द्या."

"निनावी?" त्यांनी तोंड कडू केलं. "मग त्यांनी उत्तर कोणाला द्यायचं? हवेला?"

मला राग आला. तुम्हाला साक्ष द्यायची आहे की स्वतःचं नाक वर ठेवायचं आहे, असं अगदी ओठांवर आलं होतं. बाई मात्र पुढचे कित्येक महिने ज्याला ज्याला म्हणून झळ लागणार त्याच्यासमोर जाऊन हेच सांगत होत्या. डॉक्टरांना सांगितलं, बसच्या ड्रायव्हरला सांगितलं, पारूबाईला वस्तीवर जाऊन सांगितलं. लोक त्यांच्यापासून लांब पळायला लागले. कोणी घरभेदी म्हणालं. शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही त्यांनी वर्गात जाऊन सांगितलं. त्यातली एक वाशीमकडची मुलगी उभी राहिली. "मॅडम, कॉलेज बंद पडलं तर आमचं कसं होईन? माझ्या बापानं लई आशेनं पाठवलं जी मला." सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे बाईंना त्या मुलीने तोंडावर सांगितलं. बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि वर्गाबाहेर आल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी म्हटलं, "सोडून द्या आता." त्या म्हणाल्या, "सोडून दिलं तर ती परत पाठवलेली डोळ्यांसमोरून जात नाही. काय करू सांगा."

पुढची तपासणी आली. बाईंनी इतक्या आधी बजावून ठेवलेलं, तेव्हा साहेब काय करतात याची सगळ्यांना धाकधूक होती. बाईंना ते रजेवर पाठवतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही. बस नेहमीसारखीच गेली आणि नेहमीसारखीच भरून आली. बाईंनी समितीच्या प्रमुखांना वॉर्डाच्या दारात थांबवलं. साहेब शेजारीच उभे होते. बाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "हे पेशंट आजारी म्हणून आलेले नाहीत. ह्यांना आज बसने आणलंय. मागच्या वेळी अशाच बेडपायी एका बाईला आम्ही परत पाठवलं."

प्रमुख वयस्कर डॉक्टर होते. ते शांतपणे पहिल्या बेडपाशी गेले. तिथे पारूबाई. त्यांनी स्वतः तिचं बीपी बघितलं आणि भुवया उंचावल्या. "बाई, ह्यांना काही झालेलं नाही म्हणता?"

"बीपी आहे," बाई म्हणाल्या. "मीच शोधलंय."

पुढच्या बेडवरच्या माणसाला साखर होती. तीही बाईंनीच शोधलेली. त्याच्या पुढच्या बाईच्या अंगात रक्त नव्हतं. साहेबांनी काय केलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांत बाईंनी ज्यांच्या ज्यांच्यात आजार शोधून काढला होता, नेमकी तीच माणसं त्यांनी वेचून आणली होती. प्रत्येक बेडपाशी तोच प्रश्न, आणि प्रत्येक बेडपाशी बाईंना खरंच सांगावं लागत होतं. शेवटी कोणीतरी फिस्सकन हसलं. प्रमुख म्हणाले, "अहो, ही तर तुमच्याच चांगल्या कामाची पावती आहे. बसने आणलं तर बिघडलं काय? आणि मागच्या वर्षीचं मी आज कसं तपासू?" समिती पुढे गेली. मान्यता मिळाली. अण्णांनी सगळ्यांना शिरा वाटला. मला हसावं की रडावं कळेना. मी शिरा खाल्ला, आणि तो चांगला झाला होता, ह्याचीही मला लाज वाटली.

साहेबांनी बाईंना काढलं नाही की शब्दाने दुखावलं नाही. उलट त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बाई, झालं गेलं. मनात ठेवू नका." बाईंनी मान वर केली. "समितीने तुम्हाला पास केलं. आता त्या सुनीताकडे चला."

अँब्युलन्सच्या ड्रायव्हरकडून बाईंना ती मजुरांची वस्ती केव्हाच कळली होती. मी त्यांना पूर्वीच म्हटलं होतं, जाऊन बघून तरी या. तर म्हणे, "मी एकटी जाऊन काय तोंड दाखवू? ज्यांनी बेड अडवले त्यांनी यायला हवं." साहेब का तयार झाले, देव जाणे. कदाचित सुटल्याचा आनंद असेल. कदाचित त्यांनाही ती डोळ्यांसमोर दिसत असेल. बाई मला म्हणाल्या, "तुम्हीही चला, साक्षीला." आम्ही तिघं साहेबांच्या गाडीतून गेलो.

इमारत अजून अर्धवट होती, म्हणून माणसं तिथेच होती. पत्र्याची खोली, आत चूल, कोपऱ्यात दुमडलेली अंथरुणं. सुनीता जिवंत होती. तिला बघून बाईंनी दाराची चौकटच धरली. आम्ही कोण ते कळल्यावर तिने पटकन पदर सारखा केला आणि साहेबांच्या पाया पडली. "तुमच्याच गाडीनं मी वेळेवर पोचली जी. बाळ नाही राह्यलं. नशिबात नव्हतं. पण मी वाचली." यवतमाळकडचं कुटुंब, बोलणं मऊ. नवरा कामावर होता. सासू एका बाजूला भिंतीला टेकून बसली होती. तिने आम्हाला पाणी दिलं. बाईंनी पेला घेतला आणि तिचं मनगटही हातात घेतलं, नर्सेस घेतात तसं. बराच वेळ सोडलं नाही. सासू खाली बघत राहिली.

साहेब सुनीताकडेच बघत होते. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. एकाएकी त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "पोरी, त्या दिवशी बेड..."

"साहेब, नको," बाई म्हणाल्या. त्यांनी साहेबांचा दंड घट्ट धरला होता.

मी थक्क झाले. सुनीताने विचारलं, "काय म्हणून राह्यले साहेब?"

"काही नाही गं," बाई म्हणाल्या. "तब्येत जप म्हणतात."

परत येताना गाडीत साहेब चिडलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना बाईंवर आवाज चढवताना पहिल्यांदा ऐकलं. "तुम्हीच मला इथवर आणलंत. सगळ्या जगासमोर बोलायला लावत होतात. आणि मी बोलायला लागलो तर मला गप्प केलंत?" बाई खिडकीबाहेर बघत होत्या. वाघोलीच्या चौकात गाडी अडकली तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं बोलले मी. आणि समोर बोलले." ह्यापलीकडे त्यांनी कारण दिलं नाही. मीही त्यांच्यावर मनातून रुसले. वाटलं, हिला समितीसमोर बोलायला धीर झाला आणि त्या गरीब पोरीसमोर कच खाल्ली. महिन्याभरात बाईंनी राजीनामा दिला. साहेबांनी थांबवून बघितलं. बाई म्हणाल्या, "आता मी कोणाला समोर या म्हणून बोलवायचं, कुठल्या तोंडाने?" जाताना मला जवळ घेतलं. मला रडू आवरलं नाही, आणि का रडते आहे तेही सांगता येईना.

पुढच्या तपासणीला साहेबांनी बस पाठवलीच नाही. कोणी तक्रार केली नव्हती, कोणी सांगितलं नव्हतं. समितीने बरेच बेड रिकामे बघितले आणि कॉलेजच्या जागा कमी केल्या. शिकवणाऱ्या दोघीतिघींच्या नोकऱ्या गेल्या, त्या मला अजून दुकानात भेटल्या की तोंड फिरवतात, जसं काही मीच त्यांना घालवलं. पारूबाई आता गोळ्या न्यायला येत नाही, कारण बस नाही. पण कॅज्युअल्टीत कोणी आलं तर बेड असतो. हे बरं झालं की वाईट, मी तराजू घेऊन बसते आणि दर वेळी वेगळंच पारडं खाली जातं.

मध्यंतरी सुनीता आमच्याकडेच बाळंतपणाला आली. मुलगी झाली, दोघी खुशाल. मी ऑफिसातून मुद्दाम बघायला गेले. तिने बाईंची चौकशी केली. मी म्हटलं, "त्या आता नसतात इथे." मग माझ्या मनाने घेतलं की हिला निदान खरं कळायला हवं, बाईंना जमलं नाही ते आपण करू. मी स्टूल ओढून बसले आणि तिला सगळं सांगितलं. बस, बेडवरची धडधाकट माणसं, वरून आलेला निरोप, साहेब त्या दिवशी काय सांगायला निघाले होते ते.

तिने बाळाचं टोपडं सारखं केलं. "मला ठाऊक होतं जी."

"कसं काय?"

"त्या दिवशीच्या बसमंधी माही सासूच आली होती ना. वरच्या मजल्यावर झोपून होती. त्या बाईनं तपासलं होतं तिले. घरी आल्या तेव्हा हात धरून वळखलं त्यायनं."

"मग तू बोलली का नाहीस गं, साहेब समोर असताना?"

सुनीता माझ्याकडे बघत राहिली, मला एवढंही कळू नये याचं तिला नवल वाटलं असावं.

"सासू समोर बसून होती ना, ताई."